पेटी कंत्राटदाराचे बिल कोणाच्या भरवशावर?

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण उपकंत्राटदाराने आयुष्य संपवले. जलजीवन मिशनच्या पाणीयोजनेचे काम त्याने केले होते, त्यासाठी कर्ज काढले होते आणि बिल थकले होते, असे कुटुंबीयांचे आणि कंत्राटदार संघटनांचे म्हणणे. त्यावर सरकारी बाजूने खुलासा आला. या व्यक्तीच्या नावावर कोणतेही काम नव्हते, काम दुसऱ्याच कंत्राटदाराच्या नावाने होते, त्यामुळे शासनाकडे त्याचे बिल थकण्याचा प्रश्नच येत नाही. या खुलाशावर टीकेची झोड उठली. पण कायद्याच्या चौकटीत तो चुकीचा नव्हता, आणि खरी काळजीची बाब तीच आहे.

महाराष्ट्रात सरकारी काम घेणारा एक असतो आणि करणारे अनेक. निविदा एका एजन्सीच्या नावावर मंजूर होते. मग तिच्या हाताखाली चर खोदणारा, पाइप टाकणारा, टाकीचे सेंट्रिंग करणारा, सळई बांधणारा, पंपाची वीजजोडणी करणारा असे पेटी कंत्राटदार येतात. त्यांना सिमेंट, सळई आणि खडी देणारे तालुक्याच्या गावचे दुकानदार उधारीवर माल टाकतात. जेसीबीवाला तासांचा हिशेब वहीत मांडून ठेवतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती मुख्य कंत्राटदाराच्या नावे. आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाच्या हप्त्याचे बिल, निघते ते त्याच्या नावे, सुरक्षा ठेव कापली जाते तीही त्याच्याच बिलातून. खालच्या माणसाकडे लेटरहेडवरची एखादी वर्क ऑर्डर असते, नाहीतर व्हॉट्सॲपवरचा दर असतो, आणि पुष्कळदा नुसता शब्द असतो.

पैसा वरून आलाच नाही, किंवा आला आणि मध्येच मुरला, तर या माणसाने जायचे कुठे? ज्याने काम दिले त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा, एवढाच रस्ता. ज्या टाकीचे पाणी गाव पिते त्या टाकीवर त्याचा हक्क नाही. ज्या खात्याने ती बांधून घेतली त्या खात्याकडे मागणी करण्याचाही हक्क नाही.

इतर व्यवहारांत आपला कायदा इतका कोरडा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० हाताने काम करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार देते. कलमाखाली उदाहरण दिले आहे ते हिऱ्याचे. कच्चा हिरा पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिला, त्याने पैलू पाडले, तर मजुरी हातात पडेपर्यंत तो हिरा स्वतःकडे ठेवू शकतो. जमीन विकणाऱ्याचीही सोय आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, मालकी खरेदीदाराकडे गेली आणि किंमत पूर्ण मिळाली नाही, तर उरलेल्या रकमेपुरता त्या जमिनीवर विक्रेत्याचा बोजा राहतो. त्याच जमिनीवर इमारत उभी करणाऱ्याला मात्र असे काहीही नाही. सळई स्लॅबमध्ये गेली, काँक्रीट ओतले गेले, की तो माल जमिनीचा भाग होतो. परत उचलून नेता येत नाही आणि त्यावर बोजाही चढत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वीच हाताळायला घेतला.

१७९१ साली वॉशिंग्टन हे राजधानीचे शहर बव्हंशी नकाशावरच होते. पोटोमॅक नदीकाठी घरे, कचेऱ्या आणि दुकाने उभी करायची होती. पैसा तुटपुंजा होता आणि उधारीवर काम करायला गवंडी-सुतारांची तयारी नव्हती. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला, की या नव्या शहरात जो कारागीर घर बांधेल त्याच्या थकलेल्या पैशांचा बोजा त्या घरावर राहील. कल्पनेचे श्रेय सहसा थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांना दिले जाते. पुढे एकेक राज्य करत हा कायदा देशभर गेला. ‘मेकॅनिक्स लीन’ हे त्याचे जुने नाव, यातला मेकॅनिक म्हणजे कारागीर. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा पाहिलेल्या मराठी वाचकाला लीन समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की हा बोजा बँकेच्या ऐवजी प्लंबरच्या नावाने चढतो.

कॅलिफोर्नियाने तर हा हक्क राज्यघटनेतच लिहिला. कारागीर, माल पुरवणारे आणि सर्व प्रकारचे मजूर यांनी ज्या मालमत्तेवर श्रम किंवा माल खर्ची घातला, तिच्यावर त्यांचा बोजा राहील, असे त्या घटनेचे कलम सांगते. मालकाशी थेट करार असण्याची अट नाही. सांगलीच्या प्रकरणात आडवा आलेला हा मुद्दा तिथल्या घटनेने, निदान खासगी बांधकामांपुरता, असा आधीच बाजूला सारला आहे.

हा हक्क वसूल कसा होतो, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजा, सॅक्रामेंटोत एका घराची फरशी बसवण्याचे काम एका पेटी कंत्राटदाराकडे आले. काम सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आत त्याने घरमालकाला, मुख्य कंत्राटदाराला आणि बांधकामाला कर्ज देणाऱ्या बँकेला लेखी सूचना द्यायची. मी इथे काम करतो आहे, हे माझे काम आहे, त्याची अंदाजे किंमत इतकी आहे. सूचनेत आरोप काही नसतो, भांडणही नसते, नुसती हजेरी लावलेली असते. उशीर झाला तरी दार बंद होत नाही, मात्र सूचना देण्याआधीच्या २० दिवसांपलीकडचे काम हिशेबातून गळते.

काम संपले आणि पैसे आले नाहीत, तर काउंटीच्या नोंदणी कचेरीत बोजा नोंदवायचा. त्याला मुदत ९० दिवसांची. मालकाने काम पूर्ण झाल्याची रीतसर नोंद केली असेल, तर उपकंत्राटदाराला फक्त ३० दिवस मिळतात. बोजा नोंदवल्यापासून पुढच्या ९० दिवसांत कोर्टात दावा लावायचा, त्या मालमत्तेचा लिलाव करून पैसे मिळावेत असा. मुदत टळली की बोजा निकामी होतो. रक्कमही मनाला येईल ती लावता येत नाही. ठरलेली किंमत किंवा कामाचे वाजवी मोल, यांत जे कमी असेल तेवढेच.

प्रत्यक्ष लिलावापर्यंत गोष्ट क्वचितच जाते. बोजा चढलेले घर विकायला काढले की मालकीहक्क तपासणारी टायटल कंपनी व्यवहार अडवते. नवे कर्ज घ्यायचे म्हटले की बँक आधी बोजा उतरवायला सांगते. मग मालक मुख्य कंत्राटदाराचा पिच्छा पुरवतो आणि अडलेला पैसा मोकळा होतो. तिथल्या बँका या कायद्याला इतक्या जपून असतात, की गहाणखत नोंदवण्याआधी माणूस पाठवून मोकळ्या प्लॉटचे फोटो काढून ठेवतात. कारण गहाणखताच्या आधी जागेवर काम सुरू झाल्याचे सिद्ध झाले, तर गवंड्याचा बोजा बँकेच्या बोजाच्या वर जाऊन बसतो.

मालकाच्या बाजूनेही हत्यारे आहेत. दर हप्त्याला चेक देताना तो खालच्या प्रत्येकाकडून हक्क सोडल्याचा कागद घेतो. या कागदाचे नमुने कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच छापलेले आहेत आणि ते चार आहेत: दोन चालू हप्त्याचे, दोन अंतिम हप्त्याचे, आणि प्रत्येकात एक सशर्त व एक बिनशर्त. सशर्त कागदावर सही केली तरी चेक वटेपर्यंत हक्क शाबूत राहतो. बिनशर्त कागदावर सही केली की हक्क तिथेच संपला, म्हणून पैसे प्रत्यक्ष मिळाले नसतील तर सही करू नका, असा इशारा त्याच फॉर्मवर असतो. पेटी कंत्राटदाराकडून कोऱ्या व्हाउचरवर सही घेण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या छापील इशाऱ्याची किंमत कळेल.

वाद असेल पण घर विकायचे असेल, तर मालक किंवा कंत्राटदार जामीन कंपनीचा रोखा भरून बोजा घरावरून त्या रोख्यावर हलवू शकतो. भांडण चालू राहते, घर मोकळे होते. खोटा किंवा फुगवलेला बोजा लावणाऱ्यालाही मोकळे रान नाही. फ्लोरिडात जाणूनबुजून फुगवलेला बोजा पूर्णच्या पूर्ण रद्द होतो आणि लावणाऱ्यावर भरपाई बसते. न्यूयॉर्कच्या लीन कायद्यातही तशीच तरतूद आहे.

तरीही या व्यवस्थेचा एक फटका खरा आहे. घरमालकाने मुख्य कंत्राटदाराला सगळे पैसे दिले, त्याने खाली दिले नाहीत, तर मालकाला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागू शकतात. फ्लोरिडाच्या सरकारी फॉर्मवर ही धोक्याची सूचना ठळक छापलेली असते. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात घर घेतलेली किंवा स्वयंपाकघराचे नूतनीकरण काढलेली शेकडो मराठी कुटुंबे या कायद्याखाली येतात, आणि टाइल्सवाल्याची नोटीस पहिल्यांदा हाती पडते तेव्हा अनेकांना धक्काच बसतो. न्यू जर्सीने राहत्या घरांसाठी म्हणून वेगळी पायरी ठेवली. तिथे बोजा चढवण्याआधी थकबाकीची नोटीस नोंदवावी लागते आणि लवादापुढे जावे लागते. सामान्य घरमालक आणि सामान्य कारागीर यांच्यातला तोल राज्याराज्यांनी असा आपापल्या परीने सांभाळला आहे.

सरकारी कामांत मात्र हे सगळे लागू पडत नाही. शाळेचा, पुलाचा, लष्करी तळाचा लिलाव कोण करणार? सरकारी मालमत्तेवर लीन चढत नाही. मग सरकारी कामावरच्या गवंड्याने काय करायचे? याचे उत्तर अमेरिकी काँग्रेसने आधी १८९४ च्या हर्ड कायद्याने दिले आणि नंतर १९३५ च्या मिलर कायद्याने नीट बसवले. जमीन देता येत नसेल तर तिच्या जागी रोखा द्यायचा.

हर्ड कायद्यात एकच रोखा सरकारचेही रक्षण करायचा आणि खालच्या लोकांचेही. त्यात सरकारचा नंबर पहिला, म्हणून कारागिरांना महिनोन्‌महिने ताटकळावे लागे. महामंदीच्या काळात आलेल्या मिलर कायद्याने दोन रोखे वेगळे केले. पहिला परफॉर्मन्स बाँड, म्हणजे कंत्राटदाराने काम अर्धवट सोडले तर सरकारची भरपाई. दुसरा पेमेंट बाँड, म्हणजे कंत्राटदाराने मजूर, उपकंत्राटदार किंवा माल पुरवणाऱ्यांचे पैसे दिले नाहीत तर त्यांची भरपाई. कायद्याच्या आजच्या मजकुरानुसार एक लाख डॉलरवरच्या संघराज्याच्या बांधकामांना हे दोन्ही रोखे लागतात. नियमांनी ही मर्यादा आणखी वाढवली आहे. पेमेंट बाँडची कमाल रक्कम पूर्वी २५ लाख डॉलर होती. मोठ्या कामांत ती अपुरी पडू लागली, म्हणून १९९९ च्या दुरुस्तीनंतर हा रोखा साधारणपणे पूर्ण कंत्राटाच्या किमतीइतका करावा लागतो.

दाव्याचे वेळापत्रक इथेही काटेकोर आहे. मुख्य कंत्राटदाराशी थेट करार असलेल्या उपकंत्राटदाराने शेवटच्या कामापासून ९० दिवस वाट पाहायची, पैसे आले नाहीत तर दावा लावायचा. त्याच्याही खालच्या पायरीवरच्या माणसाने त्या ९० दिवसांच्या आत मुख्य कंत्राटदाराला लेखी नोटीस द्यायची. दोघांनाही शेवटच्या कामापासून एक वर्षाच्या आत फेडरल कोर्टात जावे लागते. रोखा सरकारच्या नावे लिहिलेला असतो, म्हणून दावा अमेरिकी सरकारच्या नावाने लागतो, अमुक कारागिराच्या लाभासाठी असा. करार नाही म्हणून ज्याला सरकारकडे मागता येत नाही, तो माणूस सरकारच्याच नावाने कोर्टात उभा राहतो.

हे संरक्षण तळापर्यंत पोचत नाही, हेही सांगायला हवे. १९४४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की माल पुरवणाऱ्याला माल पुरवणारा या रोख्यावर दावा करू शकत नाही. साखळी कुठेतरी तोडावीच लागते, नाहीतर मुख्य कंत्राटदाराला आपली जबाबदारी कुठवर आहे ते कधीच कळणार नाही. पण तोडताना कायद्याने दोन पायऱ्या आत घेतल्या. आपल्याकडे पहिलीच पायरी बाहेर आहे.

रोख्याचा आणखी एक उपयोग आकड्यांत चटकन दिसत नाही. जामीन कंपनी सही करण्याआधी कंत्राटदाराची पूर्ण झडती घेते. ताळेबंद पाहते, हातात आधीची किती कामे आहेत ते मोजते, मागच्या कामांत खालच्यांचे पैसे वेळेवर दिले का याची चौकशी करते आणि कंत्राटदार कंपनीच्या मालकांच्या वैयक्तिक मालमत्तेवर हमी लिहून घेते. एकदा दावा भरावा लागला की त्या कंत्राटदाराला पुढचा रोखा मिळणे अवघड होते आणि रोख्याशिवाय सरकारी काम नाही. खालच्यांचे पैसे बुडवणे हा तिथे धंदा गमावण्याचा धोका असतो. लहान कंत्राटदार या चाळणीत अडकू नयेत म्हणून अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने जामीन कंपन्यांना हमी देण्याची योजना चालवली आहे.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. बांधकाम उद्योगावरच्या लॅथम अहवालानंतर १९९६ मध्ये आलेल्या कायद्याने बांधकामातला पैशांचा वाद तटस्थ निर्णायकापुढे नेण्याची सोय केली. निकाल २८ दिवसांत. आधी पैसे द्यायचे, मग पाहिजे तर कोर्टात भांडायचे. ‘मला मिळाले तर तुला देईन’ हे कलमही त्या कायद्याने बहुतांश करारांतून काढून टाकले. वेगाच्या बाबतीत ही व्यवस्था अमेरिकेपेक्षा सरस आहे. पण जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही महाकाय बांधकाम कंपनी बुडाली, तेव्हा तिचे हजारो पुरवठादार रिकाम्या हाताने राहिले. दिवाळे निघालेल्या कंपनीविरुद्ध २८ दिवसांत निकाल मिळून हातात काही पडत नाही. त्या घडीला उपयोगी पडते ती तिऱ्हाइताची हमी.

आता महाराष्ट्रात परत यायचे. इथे काहीच नाही असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे, उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले आहे आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद दिली आहे. कागदावर हा कायदा कडक आहे. पण माल आणि मजुरी एकत्र असलेली बांधकामाची कंत्राटे त्याच्या कक्षेत बसत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या निकालांत म्हटले आहे. ज्याला या कायद्याची सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर राहतो. दिवाळखोरी संहितेत पैसे थकलेला कंत्राटदार हा व्यवहारातला धनको ठरतो. तिथे अर्जासाठी किमान एक कोटी थकायला हवेत आणि वाटपाच्या रांगेत त्याचा नंबर बँकांच्या बराच मागे लागतो. मजुरांच्या बाबतीत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक चांगले तत्त्व आणले होते: कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण चार मजूर घेऊन स्वतः राबणारा पेटी कंत्राटदार कागदावर मजूर नसतो, त्यामुळे हे छत्रही त्याच्या डोक्यावर येत नाही.

हमीरोखेही आता भारतात आले आहेत. विमा नियामकाची शुअरिटी बाँडची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते देशातले पहिले शुअरिटी बाँड विमा उत्पादन सुरू झाले. महामार्गांच्या निविदांत बँक गॅरंटीच्या जागी ते चालू लागले आहेत. कंत्राटदाराचे भांडवल बँकेत अडकून पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण हा रोखा बँक गॅरंटीची जागा घेतो, म्हणजे तो रक्षण करतो काम देणाऱ्याचे. अमेरिकेने १९३५ मध्ये दोन रोखे सुरू केले, त्यांतला एकच आपण उचलला.

दुसरा उचलण्याची वेळ आली आहे. घरांवरचे लीन मात्र जसेच्या तसे आणू नये. फ्लॅटसाठी आयुष्याची पुंजी घातलेल्या खरेदीदाराच्या डोक्यावर बिल्डरच्या सेंट्रिंगवाल्याचा बोजा चढवला, तर एका अन्यायाच्या जागी दुसरा येईल. आपली दिवाणी न्यायालये ९० दिवसांच्या मुदतीचे दावे ज्या गतीने चालवतील, त्या गतीत बोजे वर्षानुवर्षे लटकत राहतील. खासगी गृहप्रकल्पांसाठी आपल्याकडे आधीच एक भांडे आहे. रेरा कायद्यानुसार खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांनी कामाची प्रगती प्रमाणित केल्यावरच ती काढता येते. त्या लेखापालाच्या प्रमाणपत्रात एक रकाना वाढवता येईल: या टप्प्याचे काम केलेल्या कंत्राटदारांची आणि पुरवठादारांची थकबाकी किती, आणि आधी काढलेल्या पैशांतून ती दिली का. ज्याने स्लॅब टाकला त्याचे पैसे दिल्याशिवाय त्या स्लॅबच्या नावाने पुढची उचल मिळू नये. यात खरेदीदाराचे नुकसान काहीच नाही. उलट अर्धवट सोडून गेलेल्या कंत्राटदारांमुळे रखडणारे प्रकल्प कमी होतील.

सरकारी कामांसाठी पेमेंट बाँड हवा. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामात मुख्य कंत्राटदाराने परफॉर्मन्स गॅरंटीबरोबर हा रोखाही द्यावा, आणि उपकंत्राटदार व पुरवठादार थेट दावा करू शकतील, असे रोख्याच्या मसुद्यात स्पष्ट लिहावे. ते लिहिले नाही, तर ‘तुमचा करारच नाही’ हे वाक्य रोख्याच्या बाबतीतही ऐकावे लागेल. दावे खोटे येऊ नयेत म्हणून कॅलिफोर्नियासारखी हजेरीची सूचना ठेवावी. काम सुरू करताना उपकंत्राटदाराने खात्याच्या पोर्टलवर आपले नाव, काम आणि रक्कम नोंदवायची, आणि ती माहिती आपोआप मुख्य कंत्राटदाराला आणि जामीन कंपनीला जायची. नोंद नाही तर दावा नाही. आज अनेक ठिकाणी पेटी कंत्राट खात्याच्या मंजुरीशिवाय दिले जाते आणि सर्वांनाच ते माहीत असते. ही साखळी एकदा कागदावर आली, की दर्जाची जबाबदारीही ठरवता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. जामीन कंपनीचा हप्ता शेवटी निविदेच्या दरातच येणार, हे खरे आहे. पण आजही थकबाकीचा खर्च दरातच असतो. पेटी कंत्राटदार सावकाराकडून जे व्याज उचलतो, दुकानदार उधारीच्या मालाला जो वाढीव भाव लावतो, काम अडून पडल्यावर जे दिवस वाया जातात, ते सगळे कोणीतरी भरतच असते. बहुतेक वेळा ते भरतो तळाचा माणूस. रोखा आला तर तो खर्च उघड होईल आणि काम करून घेणाऱ्याच्या खात्यावर येईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पैसे बुडवणारा नेहमीच मुख्य कंत्राटदार असतो असे नाही. राज्यातल्या वेगवेगळ्या खात्यांकडे ८९ हजार कोटी रुपये थकले आहेत, असा दावा कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये केला आणि त्यासाठी आंदोलनेही झाली. सरकारच मुख्य कंत्राटदाराला देत नसेल, तर त्याच्यावर आणखी एक रोखा लादून काय साधणार? उलट तोच पहिला बुडेल. हा मुद्दा टाळून पेमेंट बाँडची शिफारस करणे अप्रामाणिक ठरेल. म्हणून रोख्यासोबत खात्यावरही घड्याळ लागले पाहिजे. अमेरिकेत बांधकामाचे मधले हप्ते संघराज्याच्या खात्याने मागणी आल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात आणि ते मिळाल्यापासून सात दिवसांत मुख्य कंत्राटदाराने खाली द्यायचे असतात. उशीर झाला की व्याज सुरू होते, त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१९ पासून बिलाला २८ दिवस आणि खालच्या हप्त्याला त्यापुढे सात दिवस अशी मुदत आहे. आपल्याकडे मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यापासून असे घड्याळ सुरू करणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते तरतूद नसताना कामांना मंजुरी देणे आणि निवडणुकीआधी भूमिपूजनांचा धडाका लावणे थांबवणे.

इथे जामीन कंपनीचा उपयोग अनपेक्षित बाजूने होईल. सही करण्याआधी ती कंत्राटदाराबरोबर खात्याकडेही पाहील. या योजनेला अर्थसंकल्पात तरतूद किती, या खात्याची मागची बिले किती दिवसांनी निघाली, हे प्रश्न ती विचारील आणि उत्तर समाधानकारक नसेल तर हप्ता वाढवील किंवा रोखाच देणार नाही. कंत्राटदार संघटनांना मंत्रालयाच्या पायऱ्यांवर बसून जे विचारावे लागते, ते निविदेच्या टेबलावर पैशांच्या भाषेत विचारले जाईल. ज्या कामाला एकही जामीन मिळत नाही, ते काम पुरेशा पैशांशिवाय काढले आहे हे सर्वांना दिसेल.

यासाठी दिल्लीत नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. निविदेच्या अटी राज्याची खाती स्वतः ठरवतात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि पाणीपुरवठा या तीन खात्यांना एका शासन निर्णयाने सुरुवात करता येईल. आधी मोठ्या कामांना पेमेंट बाँड, दोन वर्षांचा अनुभव पाहून मर्यादा खाली, आणि लहान स्थानिक कंत्राटदारांच्या हप्त्यासाठी राज्याचा हमीनिधी. जलजीवन मिशनची मुदत केंद्राने २०२८ पर्यंत वाढवली आहे आणि राज्यात पुष्कळ योजना अजून अपुऱ्या आहेत. त्यांच्या उरलेल्या कामांच्या निविदा निघतील तेव्हा या तीन अटी त्यांत असाव्यात: उपकंत्राटदाराची नोंद, त्याच्या नावाने दावा करता येणारा रोखा, आणि मोजमापानंतर बिलासाठी ठरलेले दिवस. पाणीपुरवठा खात्याने हा मसुदा येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी जाहीर करावा, आणि कंत्राटदार संघटनांनी थकबाकीच्या मागणीबरोबर त्याचाही आग्रह धरावा. आपल्या बिलाइतकीच हाताखालच्या माणसाच्या बिलाची हमी त्यांनी मागितली, तर त्यांच्या आंदोलनाला लोकांचे पाठबळही जास्त मिळेल.